थंडरबर्डमध्ये प्रॉक्सी घातला, तरी मेल येत नाही?

ऑफिसच्या किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कवर ब्राउझर मस्त चालतो, पण थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम मात्र ‘कनेक्ट होत आहे’वर अडून बसतो. अशा वेळी बहुतेक जण ब्राउझरचाच एचटीटीपी प्रॉक्सी (वेबसाठीचा मध्यस्थ सर्व्हर) थंडरबर्डमध्ये भरतात आणि मग पासवर्डला दोष देत बसतात.

गोम अशी, की तो रकाना फक्त वेबच्या वाहतुकीसाठी आहे. मेल आयमॅप (पोर्ट 993) किंवा पॉप (995) या मेल आणण्याच्या पद्धतींनी येते आणि थंडरबर्ड ती सॉक्स प्रॉक्सीतूनच (वेबखेरीज इतर वाहतूकही पुढे नेणारा मध्यस्थ) नेतो. म्हणून सेटिंग्ज, जनरल, अगदी खाली ‘नेटवर्क अँड डिस्क स्पेस’, तिथे कनेक्शनचं बटण, असं जाऊन मॅन्युअल प्रॉक्सी निवडा. एचटीटीपीचा रकाना रिकामा ठेवा. सॉक्स होस्ट आणि पोर्ट (बहुधा 1080) भरा, व्हर्जन 5 ठेवा.

त्याच खिडकीत डीएनएससुद्धा (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणं) प्रॉक्सीतून नेण्याची चौकट असते. ती टिक करायला विसरू नका. नाहीतर मेल सर्व्हरचं नाव तुमचाच संगणक शोधत बसतो, आणि बंदिस्त नेटवर्कवर ते सापडतच नाही. माझी एक अख्खी दुपार या चौकटीने खाल्ली आहे.

सॉक्स प्रॉक्सीच नसेल, पण बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर एसएसएच लॉगिन (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याची सोय) असेल, तर एसएसएचला ‘डायनॅमिक’ पोर्टचा पर्याय देऊन स्वतःच तो उभा करता येतो. मग होस्ट म्हणून 127.0.0.1 लिहायचं. ऑफिसचं नेटवर्क असेल तर आधी सिस्टिमवाल्यांना विचारा. आणि हो, मेल पाठवण्याचे 465 आणि 587 हे पोर्टही याच वाटेने जातात, त्यांच्यासाठी वेगळं काही भरावं लागत नाही.