पाळण्यात एक, पायात दोन: आमच्या घरातला दिवस कसा लावते

घरात तान्हं आलं की सगळं घर बाळाच्या वेळेवर चालायला लागतं. बाळ उठलं की उठायचं, झोपलं की कुजबुजत बोलायचं. थोरलीच्या पाठीवर मधला झाला तेव्हा मीही तसंच केलं, आणि पहिले तीन महिने थोरली रोज दिवेलागणीला रडत बसायची. तिसऱ्या खेपेला मी उलटं केलं. आता आमचा दिवस मधल्याच्या भुकेवर आणि झोपेवर लावलेला असतो.

थोरली सात वर्षांची, मधला साडेतीनचा, तान्ही पाच महिन्यांची. तान्हीच्या गरजा मोजक्या: दूध, कोरडा लंगोट, झोप, कुशी. थोरलीला काय खुपतंय ते ती बोलून सांगते. मधल्याला थांबवतही नाही आणि सांगताही येत नाही. त्याचं पोट भरलेलं असलं, त्याला सकाळपासून दोनदा मांडीवर घेतलेलं असलं, की बाकी दोघींचं करायला हात मोकळा राहतो. तुमच्याकडेही दोन ते पाच वर्षांचं मूल आणि कुशीत बाळ असेल तर दिवस त्या मोठ्याच्या बाजूने लावून बघा.

आम्ही गोव्यात, फोंड्याजवळच्या कवळ्याला राहतो, सासूबाई सोबत असतात. मुलांचे बाबा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात, त्यामुळे एक आठवडा सकाळी घरी, एक आठवडा संध्याकाळी.

सकाळी साडेसहाला पोदेराचा (दारावर येणाऱ्या पाववाल्याचा) भोंपू वाजतो आणि मधल्याचं काम सुरू होतं. आजीचा हात धरून तो फाटकापर्यंत जातो, पिशवी पुढे करतो, चार उंडे आणि दोन पोळ्या (हे दोन्ही इथले पावच) घेऊन येतो. पिशवी त्यानेच आणायची, रस्त्यात ती जमिनीला घासली तरी मी घेत नाही. मुलाला काम द्यायचं तर खरं द्यावं, ज्याच्यावाचून घराचं अडेल असं. ‘बाळाकडे बघ हं’ हे साडेतीन वर्षांच्या मुलाचं काम नव्हे, त्यात त्याला करण्यासारखं काहीच नसतं. लंगोटांची घडी मी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवते, ती त्याने आणून द्यायची. ओला लंगोट बादलीत टाकायचा. आंघोळीच्या वेळी टॉवेल धरून उभं राहायचं. एवढी तीन कामं त्याची, आणि ती त्याच्याआधी कुणी करायची नाहीत.

सात ते सव्वासात थोरलीची वेळ. तिची वेणी मी घालते, आजीला घालू देत नाही. आम्ही दोघी सोप्यावर बसतो, ती पुढे, मी मागे, आणि शाळेतलं काय काय ते ती तेव्हाच सांगते, कारण माझा चेहरा तिला दिसत नसतो. त्या वेळात तान्ही रडली आणि तिचं पोट भरलेलं असलं, तर मी मोठ्याने म्हणते, ‘थांब गं बाळा, ताईची वेणी घालतेय, झाली की येते.’ बाळाला त्यातलं काही कळत नाही, ते वाक्य थोरलीसाठी असतं. दिवसभर तिला ‘थांब, बाळाचं करते’ हे किती वेळा ऐकावं लागतं! एकदा तरी बाळालाही थांबायला सांगितलेलं तिच्या कानावर पडायला हवं. मधल्यासाठीही मी हे करते, ‘थांब, दादाच्या चपलेचा पट्टा लावते.’ बाळ दोन मिनिटं रडल्याने काही बिघडत नाही. आजी तिला तोवर उचलून घेतातच. पावणेआठला शाळेची बस, बालरथ, कोपऱ्यावर येतो, थोरली गेली की घर थोडं निवांत होतं.

आता दूध पाजण्याबद्दल, कारण सगळा गोंधळ तेव्हाच होतो. तान्ही दिवसरात्रीत आठ-नऊ वेळा पिते, एकेक वेळ पंधरा-वीस मिनिटांची. मी खिळलेली असते हे मधल्याला बरोबर समजतं, आणि नेमकं तेव्हाच त्याला पाण्याच्या पिंपात हात घालायचा असतो. म्हणून बसण्याआधी तीन गोष्टी करायच्या: त्याला शूला नेऊन आणायचं, त्याच्या वाटीत काहीतरी खायला द्यायचं, माझा पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायचा. मग वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढायचा. हा डबा दूध पाजतानाच उघडतो, एरवी नाही. त्यात रिकाम्या डब्यांची झाकणं, दोन लाकडी पळ्या, जुना बंद पडलेला फोन, कापडाचे तुकडे आणि मोठे कपडे वाळवायचे चिमटे आहेत. दर रविवारी मी त्यातली एक वस्तू काढून दुसरी घालते. पिऊन झालं की डबा परत वर. नव्या खेळण्यांची गरज नाही, तो डबा सतत मिळत नाही म्हणून टिकतो. रोज एकदा मात्र डब्याऐवजी गोष्ट सांगायची, तो माझ्या उजव्या बाजूला चिकटून, तान्ही डावीकडे.

डब्यात लहान काही घालू नका. तान्ही आता पालथी पडते, दिसेल ते पकडून तोंडात नेते. आमच्या घरात माप सोपं आहे: लिंबापेक्षा लहान ते सगळं वर. थोरलीचे मणी, मधल्याच्या गोट्या, खोडरबर, बाबांची नाणी. रात्री झोपण्याआधी थोरली झाडू फिरवते आणि काय सापडलं ते मला दाखवते. बटणासारख्या चपट्या बॅटरीच्या वस्तू तर मी घरातून काढूनच टाकल्या, ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका भाजते.

मधला तान्हीला मारतो का, असं शेजारच्या बायका विचारतात. नाही मारत. मला भीती त्याच्या मायेचीच वाटली. तान्ही दोन महिन्यांची असताना मी मागच्या पडवीत नारळ किसत होते. खोलीतून त्याचा हसण्याचा आवाज येत होता, म्हणून मी निर्धास्त होते. मग आवाज थांबला. जाऊन बघते तर आजीने शिवलेली गोधडी त्याने तिच्या डोक्यावरून पांघरली होती, चारही कडा नीट खोचल्या होत्या, आणि स्वतः शेजारी आडवा पडून तिला थोपटत होता. ‘बाळाला थंडी,’ म्हणाला. मी गोधडी काढली, ती श्वास घेत होती, घामाने ओली झाली होती. त्याला ओरडले नाही, पण माझे पाय लटपटत होते.

त्या दिवसापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, तो आणि ती खोलीत दोघंच कधीच नसतात, दाराची बेल वाजली तरी. एकाला तरी काखेत मारून न्यायचं. दुसरं, त्याला नुसतं ‘असं करू नको’ सांगितलं नाही, काय करायचं ते बाहुलीवर शिकवलं: ‘गोधडी पोटापर्यंत, तोंड आमचं मोकळं.’ हे तो आता गाण्यासारखं म्हणतो. हात लावायची जागाही ठरवून दिली आहे, पाय. पायाला हात लावायचा, पायाचाच पापा घ्यायचा. थोरली शाळेतून सर्दी घेऊन येते त्या दिवसांत या पायाच्या पाप्याचा फार उपयोग होतो. शाळेतून आली की आधी साबणाने हात-पाय, गणवेश बदलायचा, मग तान्ही.

आंघोळीला आमच्याकडे न्हाणीत भाण, म्हणजे पाण्याचं मोठं भांडं आहे, चुलीवर पाणी तापतं. बादलीत आधी थंड पाणी, मग वरून गरम, हा क्रम कधी मोडू नये, कारण मधला मध्येच हात घालतो. पाणी कोपराने बघायचं. तेल खोबरेल, अंगाला तेवढंच. नाकात, कानात तेल आणि डोळ्यांत काजळ हे आमच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. आजींना ते आधी पटलं नव्हतं. मी वाद घातला नाही, पुढच्या लसीच्या वेळी त्यांनाच सोबत नेलं. तिथे त्यांनी स्वतः विचारलं आणि स्वतः ऐकलं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी झाल्या, आता नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेलाची. लसीला जाताना मधल्याला घरी ठेवते, थोरलीला सुट्टी असेल तर नेते, ती तान्हीचा हात धरून उभी राहते.

उष्टावणाचाही प्रश्न असाच आला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, म्हणून आजींच्या मनात पाचवा होता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. मग मी बोटं मोजून दाखवली: सहा पुरे झाले की चालू होतो तो सातवा, आणि सात विषमच. आजी खूश, डॉक्टर खूश. सुरुवात उकड्या तांदळाची पेज घोटून, नंतर नाचण्याची. वर्ष होईपर्यंत मीठ-साखर घालायची नाही आणि मध तर चाटवायचासुद्धा नाही. हे थोरलीला आणि मधल्याला आत्तापासून सांगून ठेवलं आहे, कारण मधल्याने परवाच आपल्या ताटातलं हुमण-भाताचं (माशाच्या आमटी-भाताचं) बोट तिच्या तोंडापर्यंत नेलं होतं.

पावसाळ्याचं थोडं सविस्तर सांगते, बाहेरून गोव्यात राहायला आलेल्या आयांना हे कुणी सांगत नाही. जून-जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि दिवसाला पंधरा-वीस लंगोट पडतात. जुन्या सुती साड्यांचे पातळ, एकपदरी लंगोट शिवा, जाड तयार लंगोट दोन दिवस दमटच राहतो. आम्ही चुलीच्या वर, मागच्या पडवीत दोरी बांधली आहे. झोपायच्या खोलीत मात्र निखाऱ्याची शेगडी ठेवून दारं लावू नका, निखाऱ्यातून निघणारा वायू, धूर दिसला नाही तरी, बाळाला आणि बाळंतिणीला दोघांना घातक असतो. रात्रीपुरता डायपर लावा, त्यात कमीपणा काही नाही. लाईट तर जातेच, तेव्हा चार्जिंगचा दिवा कुठे आहे हे मधल्यालाही माहीत हवं.

आणि डास. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून तान्हीच्या दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी. दर रविवारी सकाळी मधला आणि मी अंगणात फिरतो. कुंड्यांखालच्या थाळ्या, नारळाच्या करवंट्या, कुत्र्याचं पाण्याचं भांडं, तो सगळं पालथं करतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा हवंच. हे त्याचं सगळ्यात आवडतं काम.

दुपारी जेवून मधला दीडला झोपतो. गोव्यात ही वेळ सोन्यासारखी आहे: फोंड्याच्या बाजारातली बहुतेक शटरं खाली असतात, कुणी दार वाजवत नाही, फोन करत नाही. तान्हीचं शेवटचं पाजणं मी पुढेमागे करून त्याच्या झोपेला जुळवते. दोघं झोपले की भांडी तशीच ठेवून मी आडवी होते. बाळंतपणानंतर मन पंधरा दिवसांहून जास्त उदास राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर ते अंगावर काढू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा 14416 या टेली मानसच्या (मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या) क्रमांकावर बोला. मधल्याच्या वेळी मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते महिने मी एकटीने काढले.

चवथीला पाहुण्यांची रीघ लागते. त्याआधी मी जवळच्यांना फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दारात आल्यावर आधी मोठ्या दोघांशी बोला, माटोळीत (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्यात) त्यांनी काय बांधलं ते विचारा, बाळ कुठे जात नाही. दुसरी, ‘आता तुझे लाड संपले हं’ हे वाक्य आमच्या घरात नको. एका नातेवाईक बाईंनी ते तरीही म्हटलं. मधला काही बोलला नाही. त्या रात्री, सहा महिन्यांनी प्रथमच, त्याने अंथरूण ओलं केलं. मला अजून वाईट वाटतं की मी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं नाही. आता थांबवते, वयाने मोठं माणूस असलं तरी.

तसंच ‘तू ताई आहेस ना, समजून घे’ हेही मी बंद केलं आहे. थोरली सात वर्षांची आहे. ती मदत करते ते तिच्या खुशीने, आणि नको म्हणाली तर नको.

संध्याकाळी सगळे एकदम किरकिरे होतात. शुभंकरोती झालं की मुलांचे बाबा (सकाळपाळी असेल तर) तान्हीला घेत नाहीत, मधल्याला खांद्यावर घेऊन विहिरीपर्यंत चक्कर मारतात. मी थोरलीचा अभ्यास घेते, तान्ही आजीपाशी.

झोपण्याची मांडणी अशी: तान्हीची गादी वेगळी, माझ्या उजव्या हाताला, सपाट, उशी नाही, पाठीवर निजवलेली. माझ्या डावीकडे मधला, त्याच्या पलीकडे भिंतीला थोरली. मोठी मुलं झोपेत लोळतात, म्हणून तान्हीला त्यांच्यामध्ये कधी घेत नाही. मधला अजून माझा कान धरल्याशिवाय झोपत नाही, तेव्हा तान्हीला उजव्या कुशीवर वळून पाजायची वेळ आली की त्याला आधी सांगते, ‘आता पाठ तुझ्याकडे, कान तुझाच.’ तो पाठीमागून हात घालून कान शोधतो आणि झोपतो.