माहिती कायदा शिकताना या चुका टाळा: आधी तारीख, मग कलम

या विषयात मार्क जातात ते कलम पाठ नसल्यामुळे कमी आणि पाठ केलेलं कलम भलत्या तारखेला लावल्यामुळे जास्त.

‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ पासून लागू आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास सापडतं. पण ऑगस्ट २०२३ मधली आहे ती फक्त राष्ट्रपतींची संमती. कोणतं कलम कधी अमलात येणार हे ठरलं नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने. डेटा संरक्षण मंडळाची कलमं लगेच, संमती व्यवस्थापकांची (नागरिकाच्या वतीने त्याच्या संमती सांभाळणाऱ्या संस्थांची) नोंदणी वर्षाने, आणि नोटीस, संमती, नागरिकाचे हक्क हा खरा गाभा १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. गंमत कलम ४४ ची आहे. त्याचं पोटकलम (३) लगेच लागू झालं आणि माहिती अधिकार कायदा बदलला. शेजारचं पोटकलम (२) माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३-ए (संवेदनशील डेटा निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीकडून भरपाईचं कलम) काढून टाकणारं, ते मात्र १८ महिन्यांच्या टप्प्यात. म्हणून तोवर ४३-ए आणि त्याखालचे २०११ चे डेटा सुरक्षेचे नियम जिवंत धरायचे. वहीत तीन रकाने आखा: कलम, अंमल कधीपासून, कोणत्या अधिसूचनेने. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते कलम उत्तरात ‘लागू’ म्हणून लिहू नका.

मराठीतून शिकणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. माहिती अधिकाराच्या इंग्रजी प्रतीतलं वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(जे) हे मराठी प्रतीत ८(१)(ञ) आहे. उच्चारावरून ‘(ज)’ लिहिलंत की ते होतं तपासात अडथळा आणणाऱ्या माहितीचं कलम! अपिलातही ही चूक दिसते. वरच्या कलम ४४(३) मुळे (ञ) मध्ये आता फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. व्यापक जनहिताची अट आणि ‘संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ते कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही’ हे परंतुक गेलं. पण म्हणून जनहिताचा मुद्दाच संपला, असं लिहू नका. कलम ८(२) जसंच्या तसं आहे: माहिती उघड करण्यातलं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर ती देता येते. युक्तिवाद तिथून करायचा.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ए (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं) सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. पालघरमधल्या फेसबुक पोस्टवरच्या २०१२ च्या अटका ही त्यामागची ठिणगी. तरी कायद्याच्या पुस्तकात मजकूर छापलेला असतोच, कारण न्यायालय कलम रद्द करतं, पुसत नाही. तळटीप वाचा.

कुणाल कामरा खटल्यात जानेवारी २०२४ चं एकच मत ‘मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय’ म्हणून देऊ नका. तेव्हा खंडपीठात मतभेद होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर केंद्र सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या सरकारी सत्यपडताळणी कक्षाचा नियम रद्द ठरला.

शेवटी पुरावा. ‘स्क्रीनशॉटची प्रिंट जोडली’ एवढ्याने भागत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खोतकर निकालाने (२०२०) इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: ‘अ’ पक्षकाराचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) भरावी लागते. ही व्हॅल्यू फाइल उघडून, कापून, पुन्हा सेव्ह करण्याआधी काढा. एक पिक्सेल बदलला तरी आकडा जुळत नाही.