नाटकातला खुनी कसा लिहावा: रक्तातून की घरातून?

मी धानाची शेती करतो आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की झाडीपट्टीसाठी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीसाठी, नाटकं लिहितो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका नाटकात शालिक नावाचा खुनी होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात तो सख्ख्या काकाला कुऱ्हाडीनं मारतो. का मारतो, याचं उत्तर मी फौजदाराच्या तोंडी एका वाक्यात देऊन टाकलं होतं: "खुन्याचंच रक्त आहे ते, दुसरं काय करणार?" शालिकचा बाप जन्मठेप भोगत होता ना! त्या वाक्यावर टाळ्या पडल्या.

पहाटे नाटक सुटलं आणि पडद्यामागे एक बाई आली. सोबत दहा-अकरा वर्षांचा पोरगा, शालीत गुंडाळलेला. ती म्हणाली, "भाऊ, याचा बाप जेलात हाय. मंग याचं का होईल जी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरगा माझ्याकडेच पाहत होता. पुढच्या पावसाळ्यात मी शालिक पुन्हा लिहिला. ते लिहिताना जे हाती लागलं, ते नवीन लिहिणाऱ्यांसाठी सांगतो.

आधी ते एका वाक्यातलं उत्तर खोडा. आपल्याकडे म्हणी दोन्ही बाजूंच्या आहेत. पोरगा बिघडला की पारावरचा एक म्हणतो, "खाण तशी माती." दुसरा म्हणतो, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." लेखकानं यातली एक म्हण उचलली की त्याचं काम सोपं होतं आणि खुनी खोटा होतो.

रक्ताचं म्हणणं किती खरं, हेही तपासून घ्या. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या १४,४२७ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास १९८४ साली छापून आला. जन्मदात्यांना शिक्षा झालेली असेल, तर दत्तक घरी वाढलेल्या मुलांतही चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हिंसक गुन्ह्यांत मात्र तसा संबंध अभ्यासकांना सापडला नाही. म्हणजे माझ्या फौजदाराचं वाक्य नेमकं खुनाच्याच बाबतीत लंगडं पडतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा आजवर पाठपुरावा होतो आहे. २००२ साली त्यातून असं मांडलं गेलं की एका विशिष्ट जनुकाचा कमी सक्रिय प्रकार असलेली आणि लहानपणी छळ सोसलेली मुलं पुढे हिंसेकडे जास्त वळली. तोच प्रकार असून घरी नीट वाढलेली तशी वळली नाहीत. पुढच्या पडताळण्यांत हा संबंध सगळीकडे तितका ठळक उतरला नाही, म्हणून नाटकात डॉक्टर आणून त्याच्या तोंडी जनुक घालू नका. पण लिहिण्यासाठी यातून वाट मिळते: उपजत काय आणि मागाहून काय, हे एकाच प्रसंगात एकमेकांना भिडू द्या.

मी ते असं केलं. शालिकला जन्मापासून एकच गोष्ट दिली: त्याला भीती कमी वाटते. दुष्टपणा दिला नाही, रागसुद्धा नाही. आता असा पोरगा आपल्या गावात काय होतो? चांगला धुरकरी, म्हणजे बैल हाकणारा, होतो. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायला असंच काळीज लागतं. मग मी गोष्टीचं साल ठरवलं. २०१४च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद झाले आणि डिसेंबर २०२१मध्ये परवानगी परत मिळाली. शालिक २०१४ला बारा वर्षांचा केला. ज्या वयात त्याच्या धिटाईला गावानं शाबासकी दिली असती, ती सगळी वर्षं दाणीच, म्हणजे पटाची धावपट्टीच, रिकामी. बैलांसाठी तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. मला एवढंच हवं होतं की त्याच्या अंगातल्या गोष्टीला जागा मिळू नये.

घर लिहिताना नुसतं "गरिबी होती" म्हणू नका. कोणत्या महिन्यात घरात कोण नव्हतं, ते लिहा. शालिकची आई जानेवारीत तेलंगणात मिरची तोडायला जाते, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. तेवढे महिने पोरगा काकाच्या ओसरीवर. काका बैल हाकायच्या तुतारीनं, म्हणजे टोकदार काठीनं, त्यालाही मारतो आणि हाक मारतो ती नावानं नाही, "ए खुन्याच्या!" म्हणून.

इथे माझी लेखणी थांबली. माझ्या फौजदाराचं टाळ्याचं वाक्य हेच होतं. रक्तात आहे, रक्तात आहे, असं पोराला रोज ऐकवणं म्हणजे त्याला तसं वाढवणंच झालं. आणि मी ते लाउडस्पीकरवरून पाच हजार माणसांना ऐकवलं होतं, त्या शालीतल्या पोरासकट.

यानंतर भाऊ लिहा. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. शालिकचा धाकटा भाऊ मोरेश्वर, बाप तोच, पण तो मामाच्या गावी वाढला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. एका पोराला तुतारी, दुसऱ्याच्या पायावर मामाचं डोकं, एवढे दोन प्रवेश लागोपाठ ठेवले की भाषण लागत नाही. मोरेश्वरला संत मात्र करू नका. माझा मोरेश्वर थोडा घाबरट आहे, आणि भावाला वाचवायच्या वेळी तो तोंड उघडत नाही.

रंगभूषेवाला विचारेल, "गालावर वार काढू का, भुवया जाड करू का?" नाही म्हणा. १८७६ साली लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरनं जबड्यावरून आणि कानांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतात असं लिहिलं, ते पुढे टिकलं नाही. तसंच खुन्याला जातीवरून उभं करू नका. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ऑगस्ट १९५२मध्ये गेला, पण पारध्याच्या पालावर आजही आधी पोलीस पोचतात. आपल्या नाटकानं त्यांच्या पुढे चालू नये.

एक छोटी गोष्ट: खून १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर फौजदार "तीनशे दोन" म्हणणार नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ म्हणेल.

आता खुनाचा प्रवेश. धुऱ्यावर काका पाणी अडवणारी पार फोडतो, पाणी वाहून जातं, शालिक कुऱ्हाड उचलतो. इथे घाई करू नका. त्याला परत फिरायला दोन-तीन जागा द्या. माझ्या नाटकात आई दुरून नावानं हाक मारते आणि तो कुऱ्हाड खाली ठेवतो. मग काका हसून म्हणतो, "बापावर गेला नाही वाटते." प्रॉम्प्टरला आधीच सांगून ठेवा की या वाक्यानंतर पुढचा संवाद द्यायचा नाही, दहापर्यंत मोजायचं. नटाला ते दहा आकडे फार लांब वाटतात, तरी मोजायला लावा.

नव्या शालिकच्या पहिल्या प्रयोगात सहापर्यंत मोजून झालं होतं, तेव्हा बायकांच्या बाजूनं अंधारातून आवाज आला, "शालिक, घरी जाय गा बापा."