पक्षाची विचारसरणी कशी ओळखावी

डावे आणि उजवे हे शब्द 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेतील आसनव्यवस्थेतून आले. राजाच्या अधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे बसत, विरोधक डावीकडे. आज मात्र एकच रेषा पुरत नाही. अर्थव्यवहारात सरकारने किती हात घालावा, हा प्रश्न प्रथम विचारावा आणि धर्म, जात, परंपरा यांविषयीची भूमिका वेगळी तपासावी.

पक्षाच्या नावावर विसंबू नये. शेतकरी कामगार पक्षाने 1950 च्या दाभाडी प्रबंधातून, म्हणजे आपल्या धोरणाच्या दस्तऐवजातून, मार्क्सवाद स्वीकारला. उलट शेतकरी नेते शरद जोशींनी 1994 मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र भारत पक्ष शेतमालाला खुली बाजारपेठ मागत होता. दोघांचाही कैवार शेतकऱ्याचाच, परंतु एकाला सरकार तारणहार वाटे, तर दुसऱ्याला तेच शोषक वाटे.

आघाडीवरूनही निष्कर्ष काढू नये, कारण 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली डावे कम्युनिस्ट आणि उजवा जनसंघ एकत्र लढले होते, ते भाषिक राज्याच्या एकाच मागणीसाठी. जाहीरनामा वाचावाच (तो वाचणे कंटाळवाणे असते, हे मान्य), पण त्याहून अधिक विश्वास पक्षाने सभागृहात केलेल्या मतदानावर आणि सत्तेत असताना मांडलेल्या अर्थसंकल्पावर ठेवावा.