पहिल्यांदा ऑटोक्रॉसले जाऊन राहिले का भाऊ, तं हे वाचा

ऑटोक्रॉस म्हणजे मैदानात कोन (प्लास्टिकचे शंकू) लावून केलेला वळणावळणाचा ट्रॅक, एका वेळी एकच गाडी अन् घड्याळाशी शर्यत. आपल्या शंकरपटासारखाच सेकंदावर निकाल, फक्त पट सरळ धावते अन् इथं सगळा खेळ वळणाचा, म्हणून नुसता ॲक्सिलेटर दाबणारा मागं पडते. एफएमएससीआयची (देशातली मोटर शर्यतीची मुख्य संघटना) स्पर्धा असन तं त्यांचं लायसन्स लागते, ते आधीच पाहून घ्या.

सकाळी लवकर जाऊन ट्रॅक पायी फिरा, दोनदा तरी, अन् मधून मधून सीटवर बसल्याएवढं वाका, उभ्यानं दिसणारं वळण बोनेटमागून तसं दिसतच नाही. जॅक, स्टेपनी, बाटल्या, मॅट सगळं बाहेर काढा (माया गाडीत ब्रेक मारल्यावर सीटखालचा पाना घरंगळत पायापाशी आला होता, घामच फुटला). पाठ टेकून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे, सीट तेवढी जवळ घ्या. हेल्मेट-बेल्ट तं आलंच.

आता मेन गोष्ट. टायरची पकड म्हणजे एकच भाकर समजा, ब्रेकनं अर्धी खाल्ली तं वळायले अर्धीच उरते. म्हणून ब्रेक गाडी सरळ असतानाच मारायचा, मग वळायचं, अन् स्टिअरिंग सरळ होत आलं की मग रेस द्यायची. अल्टो-स्विफ्टमधी पुढचीच चाकं ओढते अन् तीच वळवते, वेगात घातली की नाक सरळच जाते, अन् नवा माणूस घाबरून स्टिअरिंग अजून फिरवते. फिरवू नका, ॲक्सिलेटर हळूच कमी करा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, पकड येते वापस. गिअर बहुतेक दुसराच पुरते.

नजर समोरच्या कोनावर नाही, त्याच्या पुढच्यावर ठेवा. पहिल्या रनले मी तीन कोन उडवले, तिन्ही मले मस्त दिसले होते, तेच तं चुकलं. अमेरिकेत एससीसीए नावाच्या कार क्लबच्या नियमात एका कोनाले 2 सेकंद दंड आहे, मंजे वळणात कमावलेलं सगळं गेलं.

मुरमावर गाड्या जाऊन जाऊन चाकोरी पडते अन् सुटा मुरूम कडेले जमा होते, त्याच्यावर चाक गेलं की मण्यांवर पाय पडल्यासारखं घसरते, म्हणून चाकोरीतच राहा.

प्रॅक्टिस रस्त्यावर नको, मोकळ्या वावरात करा, पण आधी तुरीची धसकटं पाहा, टायर फाडते. कोन नसन तं युरियाच्या पोत्यात कुटार भरा. आमच्या चुलतभावानं विटा भरल्या होत्या, त्याचा बंपर अजून तारेनं बांधून आहे.