तालमीच्या दुरुस्तीचा ठराव ग्रामसभेत कसा घालावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तालमीचं छप्पर गळायला लागलं की मंडळी थेट आमदाराच्या दारात जातात. त्याआधी ग्रामपंचायत गाठा. तालमीला सहसा कुणी विरोध करत नाही. काम अडतं ते कागदावर.

पहिल्यांदा जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. गावठाणात असेल तर पंचायतीतून ई-स्वत्तूचा (पंचायत हद्दीतल्या मिळकतींची कर्नाटकाची ऑनलाइन नोंद) उतारा काढा, सर्व्हे नंबरात असेल तर 'भूमी'चा (शेतजमिनीची ऑनलाइन नोंद). 'भूमी'च्या उताऱ्यात ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव आणि ११ नंबरच्या रकान्यात बोजे असतात, दोन्ही वाचा. तालीम चार पिढ्या गावाची म्हणून चालत आलेली असते आणि उताऱ्यावर देवस्थानाचं नाहीतर एखाद्या घराण्याचं नाव निघतं. मग इंजिनिअर अंदाजपत्रक करायला आला की फाईल तिथंच बसते. अशा जागेला लेखी संमतीपत्र आधी घ्या. तोंडी होकार फायलीला लागत नाही.

मागणी मापात लिहा. 'तालीम सुधारून मिळावी' एवढ्यावर कुणी काही करत नाही. आखाडा २० बाय २० फूट आणि २ फूट खोल असेल तर ८०० घनफूट, म्हणजे ८ ब्रास माती लागते. जुनी माती चाळून ठेवून वरचा अर्धा फूटच नवा भरायचा असेल तर हिशेब २ ब्रासचा येतो. पण माती दबते, म्हणून अडीच लिहा. छपराचं लांबी-रुंदीचं माप आणि फुटलेल्या पत्र्यांची संख्या वेगळ्या ओळीत द्या. मातीत घालायची हळद, तेल, ताक असल्या मागण्या अर्जात घालू नका, त्या वर्गणीतूनच होतात.

अर्ज मराठीत दिला तरी चालतो. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलेला आहे. तरीही सोबत कानडी प्रत जोडा, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार कानडीतच होतो. दोन्ही प्रतींवर पोहोच, तारीख आणि शिक्का घ्या.

विषय आधी वॉर्ड सभेत, मग ग्रामसभेत. वॉर्ड सभेला मतदारांच्या एक दशांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी तेवढी हजेरी लागते. ग्रामसभेला एक दशांश किंवा १००. तालमीचे लोक नेमके इथं चुकतात. सगळे पुरुषच येऊन बसतात, आणि हजर असलेल्यांत किमान ३० टक्के बायका पाहिजेत. घरातल्या बायकांना सोबत न्या. पुढच्या वर्षाच्या आराखड्याच्या सभा ऑक्टोबरपासून लागतात, त्यामुळं गणपती झाले की कागद तयार ठेवा.

सभा संपली म्हणून उठू नका. 'ठराव' हा शब्द कानडीतही तोच आहे, पण खालचा मजकूर पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) मोठ्यानं वाचून घ्या. कामाचं नाव, जागेचा नंबर, माप. कानडी आकडे असतील तर एकेक आकडा तपासा. २० चे १२ झाले तर पुढं कुणी दुरुस्त करत नाही. सही त्यानंतर.

ठरावाची नक्कल मागूनही मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. म्हणून त्यात तक्रार लिहीत बसू नका. सभेची तारीख घाला आणि ठरावाची नक्कल तेवढी मागा.