पॅनेल लाइन कोरताना जोर नको, फेऱ्या वाढवा

विमानाच्या मॉडेलवर पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणारी कोरीव रेघ, बिघडते ती बहुधा पहिल्याच हाताला पूर्ण खोली गाठायच्या घाईने. सुरुवातीचे दोन-तीन हात इतके हलके हवेत की प्लास्टिकवर नुसता ओरखडा दिसावा. एकदा खाच धरली की स्क्रायबरचं (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराचं) टोक तिच्यातूनच धावतं.

कडेच्या आधाराला लेबल मेकरची जाड, चिकट टेप उत्तम. साध्या मास्किंग टेपची कड टोकाखाली दबते आणि रेघ भरकटते. फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) गोलाईवर मात्र ही टेप अरुंद कापूनच लावा. रुंद पट्टी नीट वळत नाही, कडेने सुटते.

जाडीचं भान फार महत्त्वाचं. १/७२ स्केलवर (खऱ्याच्या ७२ पट लहान मॉडेलवर) ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट! म्हणून टोक जितकं बारीक मिळेल तितकं घ्या.

हात घसरलाच तर चुकलेली रेघ सुपरग्लूने भरा, सुकताच घासा आणि लगेच पुन्हा कोरा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि टोक मऊ बाजूला सरकतं. पुट्टी इथे वापरू नका, कोरताना तिचे टवके उडतात.

शेवटी कडांवर उठलेलं प्लास्टिक बारीक सँडपेपरने घासा, भुगा जुन्या टूथब्रशने काढा आणि पातळ सिमेंटचा (प्लास्टिक किंचित विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) ब्रश खाचेतून एकदाच, झटपट फिरवा. कडा सुरेख गुळगुळीत होतात. रंगानंतरचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) ग्लॉस कोटवरच, म्हणजे चकचकीत थरावरच द्या. मॅट रंगावर तो पसरून डाग पडतात.